बारा महिने, बारा स्थानके

सरत्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर पडते. बोरिवलीच्या फलाटावर लोकलची वाट पाहताना, घाटकोपरला मेट्रोच्या जिन्यावर, मुलुंडच्या बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी म्हणतेच, ‘वर्ष कसं गेलं, कळलंच नाही!’ पाठोपाठ दुसरे वाक्य येते, ‘यंदा तसं काही विशेष झालं नाही.’ काही जण त्याही पुढे जाऊन निकाल देऊन टाकतात, ‘वाईटच गेलं हे वर्ष.’

असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. पण हा निकाल देण्याआधी त्याने ३६५ दिवसांचा पुरावा तपासलेला असतो, असेही नाही. मेंदू वर्षाचा हिशेब दुकानदारासारखा रोजच्या नोंदी जुळवून करत नाही. हाताला लागतील त्या चार-सहा आठवणी उचलतो आणि त्यांवरून बेरीज सांगून मोकळा होतो. ही बेरीज चुकली तर बिघडले कुठे, असे कुणी विचारील. बिघडते ते असे, की गेलेले वर्ष वाया गेले असे वाटले, की येणाऱ्या वर्षाकडे पाहण्याची उमेद कमी होते. उलट, गेल्या वर्षातले आनंदाचे क्षण नेमके आठवता आले, तर मनावरच्या ताणाचा सामना करायला त्यांची मदत होते. गेली चार-पाच दशके स्मृतीवर जे संशोधन झाले, त्यातून हे क्षण शोधण्याची काही साधी तंत्रे हाती आली आहेत. त्यांपैकी एक तर मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यांना रोजच्या प्रवासातच वापरता येण्यासारखे आहे.

आठवणारा मेंदू कसा मोजतो?

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना आधी १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितले. दुसऱ्या खेपेला तसेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद. मात्र या जादा ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत कोमट केले जात होते. म्हणजे गारठा होताच, पण शेवटी किंचित सुसह्य झालेला. नंतर विचारले, ‘यांपैकी एक अनुभव पुन्हा घ्यायचा तर कोणता घ्याल?’ बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा अनुभव निवडला. कारण त्याचा शेवट बरा होता.

यावरून आणि अशा इतर प्रयोगांवरून एक नियम पुढे आला. एखाद्या अनुभवाचे मोल ठरवताना मेंदू त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट यांना जास्त वजन देतो. अनुभव किती वेळ चालला, याकडे तो जवळजवळ दुर्लक्षच करतो. काहनेमान म्हणत, की माणसात जणू दोन ‘मी’ असतात. एक क्षणाक्षणाला जगणारा आणि दुसरा मागाहून आठवणारा. वर्षाचा निकाल हा दुसरा ‘मी’ देतो.

उपनगरातल्या एखाद्या घरात वर्ष एकंदरीत बरे गेलेले असते. पण डिसेंबरमध्ये सोसायटीच्या सभेत कडाक्याचे भांडण होते किंवा घरात कुणाला तरी रुग्णालयात दाखल करावे लागते. मग ३१ डिसेंबरला त्या घरातले माणूस आधीच्या अकरा महिन्यांकडेही या एका घटनेतूनच पाहू लागते. त्यात भर पडते ती त्या क्षणीच्या मनःस्थितीची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन बॉवर यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की माणूस खिन्न असला की त्याला खिन्न आठवणी सहज सुचतात आणि आनंदात असला की आनंदाच्या. थकलेल्या, वैतागलेल्या संध्याकाळी वर्षाचा ताळेबंद मांडायला बसले, तर जमेची बाजू रिकामी दिसणारच.

रोजचा प्रवास, एकच आठवण

‘वर्ष कळलंच नाही’ यामागचे कारण मात्र वेगळे आहे. १९७० च्या दशकात मेरीगोल्ड लिंटन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःवरच प्रयोग केला. सहा वर्षे त्यांनी रोज किमान दोन घटना कार्डांवर लिहून ठेवल्या आणि दर महिन्याला जुन्या कार्डांमधून स्वतःची परीक्षा घेतली. त्यांना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. एका समितीच्या बैठकीसाठी त्या वारंवार दुसऱ्या गावी जात. पहिली बैठक लख्ख आठवत होती. पुढच्या बैठका मात्र एकमेकींत अशा मिसळून गेल्या, की कोणती कोणती हे सांगता येईना. घटना पुन्हा पुन्हा घडली की मेंदू तिच्या वेगवेगळ्या प्रती ठेवत नाही, सगळ्यांचा मिळून एक सर्वसाधारण साचा ठेवतो.

अंधेरीला कामाला जाणाऱ्या बोरिवलीकराचे हेच होते. वर्षात अडीचशेच्या आसपास दिवस तोच फलाट, तोच डबा, तीच धक्काबुक्की. त्या अडीचशे सकाळींची मिळून मेंदूत जेमतेम एक सकाळ उरते. मग मागे वळून पाहताना वर्ष आखूड वाटले तर नवल नाही. त्यातून हा भाग फारसा सुखाचाही नसतो. काहनेमान आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधील ९०९ नोकरदार महिलांना आदल्या दिवसाचा तासातासाचा तपशील आणि त्या त्या वेळची भावना नोंदवायला सांगितली. सकाळी कामावर जाण्याचा प्रवास यादीत अगदी तळाशी होता. जिवलगांचा सहवास, काम संपल्यावरच्या गप्पा आणि जेवणाची वेळ वरच्या बाजूला. त्या महिलांपैकी बहुतेकींचा प्रवास मोटारीचा असेल. विरार लोकलचा अनुभव असता तर आकडे काय आले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

याच लोकलमध्ये मात्र असे दिवसही असतात, जे साच्यात मिसळत नाहीत. दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूची तोरणे लागतात, पूजा होते, पेढे वाटले जातात. महिलांच्या डब्यात संक्रांतीचे हळदीकुंकू होते. भजनी मंडळी टाळ वाजवतात. गाडी, वेळ, माणसे तीच असली तरी हा दिवस वेगळा आठवतो, कारण त्या दिवशी नेहमीच्या चाकोरीत काही तरी नवे घडलेले असते. सणवार आयुष्यात गोडवा आणतातच, शिवाय स्मृतीच्या सलग रस्त्यावर मैलाचे दगडही रोवतात.

दुःखाची धार आधी बोथट होते

यात एक दिलासाही आहे. चांगल्या आणि वाईट घटना आठवल्यावर त्यांच्याशी जोडलेली भावना किती उरते, याचा अभ्यास डब्ल्यू. रिचर्ड वॉकर, जॉन स्कोरोन्स्की, चार्ल्स थॉम्पसन आदी संशोधकांनी १९९० च्या दशकापासून केला. रोजनिशीतल्या नोंदी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लोकांपुढे ठेवल्या, तेव्हा वाईट घटनांची बोच चांगल्या घटनांच्या गोडव्यापेक्षा लवकर ओसरल्याचे आढळले. पुढे वेगवेगळ्या देशांतल्या लोकांमध्येही हाच कल दिसला. मार्चमध्ये झालेला अपमान डिसेंबरमध्ये आठवतो, पण पूर्वीसारखा झोंबत नाही. मार्चमध्येच मुलीने पहिल्यांदा स्वतः केलेल्या वेड्यावाकड्या पोळीची आठवण मात्र डिसेंबरमध्येही हसू आणते.

निसर्गतःच मन असे सावरत असेल, तर मुद्दाम काही करण्याची गरज काय? गरज आहे, कारण गोडवा टिकला तरी तो क्षण आठवायला तर हवा. वाईट घटना तीव्र असते, ती बोलावल्याशिवाय येते. आनंदाचे क्षण बहुतेकदा छोटे, शांत आणि बाकीच्या दिवसासारखेच दिसणारे असतात. त्यांना शोधून आणावे लागते.

त्यातही माणसाचा एक अंदाज नेहमी चुकतो. २०१४ साली हार्वर्डमधील टिंग झँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळी सुटीच्या सुरुवातीला काही अगदी साध्या गोष्टी लिहून ठेवायला सांगितल्या. अलीकडे कुणाशी काय बोलणे झाले, कोणती गाणी ऐकता, मित्रांमध्ये कोणता विनोद चालतो, वगैरे. तीन महिन्यांनी हे वाचायला किती आवडेल, असेही विचारले. विद्यार्थ्यांना वाटले, यात कसली आलीय मजा! पण तीन महिन्यांनी त्या नोंदी हातात पडल्यावर त्यांची उत्सुकता आणि आनंद अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होता. आणखी एका प्रयोगात असे दिसले, की खास दिवसापेक्षा साध्या दिवसाच्या नोंदीबाबत हा अंदाज जास्त चुकतो. खास दिवस तसाही लक्षात राहतो. साधा दिवस विसरला जातो, म्हणूनच तो पुन्हा भेटला की जास्त आनंद देतो.

‘केव्हा’ सोडा, ‘कुठे’ विचारा

मग हे क्षण शोधायचे कसे? ‘एप्रिलमध्ये काय चांगले झाले?’ असा प्रश्न बहुतेकांना निरुत्तर करतो. त्याचेही कारण संशोधनातून कळते. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ विलेम वागेनार यांनी सहा वर्षे रोजच्या घटना नोंदवल्या. अशा सुमारे २४०० घटना जमल्या. प्रत्येक नोंदीचे चार भाग होते: काय घडले, कोण होते, कुठे घडले आणि केव्हा घडले. नंतर एकेक भाग समोर ठेवून बाकीचे आठवतात का, हे त्यांनी तपासले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ‘काय’ ही सर्वांत उपयोगी किल्ली ठरली. ‘कोण’ आणि ‘कुठे’ याही बऱ्यापैकी चालल्या. ‘केव्हा’ म्हणजे नुसती तारीख मात्र जवळपास निरुपयोगी ठरली.

स्मृतीचे कप्पे तारखेने लावलेले नसतात, हा याचा अर्थ. म्हणून महिन्याच्या नावापाशी अडून न बसता त्या महिन्याला ऋतूची, सणाची, जागेची आणि माणसांची जोड द्यावी. ‘जून’ म्हटल्यावर काही आठवत नसेल, पण ‘पहिला पाऊस आला तेव्हा कुठे होतो, बरोबर कोण होते?’ म्हटल्यावर आठवते. ‘जानेवारी’ रिकामा असेल, पण ‘संक्रांतीला तिळगूळ द्यायला कोण आले होते?’ याला उत्तर असते.

जागेचे आणि स्मृतीचे नाते तर फार जवळचे आहे. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा, समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो. नव्या घटनांची स्मृती तयार होण्यासाठी तो आवश्यक असतो आणि आपण कुठे आहोत याचा नकाशाही तोच सांभाळतो. जागा ओळखणाऱ्या पेशी शोधल्याबद्दल जॉन ओकीफ यांना आणि त्याला जोडून असलेल्या भागातल्या दिशादर्शक जाळ्याच्या शोधाबद्दल माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्त्यांना मेंदूचा हा नकाशा माहीत नव्हता, पण त्याचा उपयोग माहीत होता. लांबलचक भाषण पाठ करताना ते मनातल्या मनात ओळखीच्या इमारतीतून फिरत आणि एकेका कोपऱ्यात एकेक मुद्दा ठेवून देत. बोलताना पुन्हा त्याच वाटेने चालायचे आणि ठेवलेला मुद्दा उचलायचा.

केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ टिम डॅलग्लीश आणि सहकाऱ्यांनी हीच जुनी युक्ती नैराश्याने ग्रासलेल्या किंवा त्यातून सावरलेल्या लोकांसाठी वापरून पाहिली. त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सहभागी लोकांनी आपल्या आयुष्यातल्या चांगल्या आठवणी निवडल्या. एका गटाने त्या ओळखीच्या घरात किंवा रस्त्यावर एकेका जागी ‘ठेवल्या’, दुसऱ्या गटाने नुसती उजळणी केली. लगेच विचारले तेव्हा दोन्ही गटांना आठवणी छान सांगता आल्या. पण आठवडाभराने अचानक फोन करून विचारले, तेव्हा जागांची युक्ती वापरणाऱ्यांच्या आठवणी शाबूत होत्या. उजळणी करणाऱ्यांच्या त्यातल्या काही निसटल्या होत्या. मन खचलेले असते तेव्हा चांगल्या आठवणी सर्वांत जास्त हव्या असतात आणि तेव्हाच त्या सापडत नाहीत. ओळखीची वाट अशा वेळी उपयोगी पडते.

वर्सोवा ते घाटकोपर

उपनगरी मुंबईकराइतकी पाठ झालेली वाट कुणाकडे असेल? झोपेतही स्थानकांची नावे क्रमाने सांगता येतात. त्यातही ८ जून २०१४ रोजी सुरू झालेला, सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीचा पहिला मेट्रो मार्ग यासाठी जणू मोजून बांधलेला आहे. त्याला बरोबर बारा स्थानके आहेत: वर्सोवा, डी. एन. नगर, आझाद नगर, अंधेरी, पश्चिम द्रुतगती मार्ग, चकाला, विमानतळ मार्ग, मरोळ नाका, साकी नाका, असल्फा, जागृती नगर आणि घाटकोपर. वर्सोव्याला जानेवारी ठेवला की घाटकोपरला डिसेंबर येतो. मेट्रोने न जाणाऱ्यांनाही अडचण नाही. पश्चिम रेल्वेवर बोरिवलीपासून माहीमपर्यंत आणि मध्य रेल्वेवर मुलुंडपासून परळपर्यंत धीमी लोकल बाराच स्थानकांवर थांबते.

समजा, चाळिशीतली एक नोकरदार बाई ही युक्ती वापरते आहे. आधी तिने पुरावा गोळा केला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. तिच्यात दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर आल्याची तारीख, भिशीचा दिवस, कुणाचे बारसे, कुणाचा वाढदिवस असे बरेच काही होते. मग मोबाइलमधले फोटो चाळले. पैसे दिल्या-घेतल्याच्या नोंदी पाहिल्या. मे महिन्यात चिपळूणच्या एका खाणावळीत दिलेले साडेतीनशे रुपये पाहिल्यावर तिला गावचा तो अख्खा दिवस आठवला.

मग एकेक क्षण एकेका स्थानकावर ठेवला. जानेवारीत पाच वर्षे न बोलणारी शेजारीण तिळगूळ घेऊन दारात आली होती. ती आता वर्सोव्याच्या सरकत्या जिन्यावर वाटी घेऊन उभी आहे. एप्रिलचे स्थानक अंधेरी. तिथल्या तुडुंब गर्दीत कुणी तरी हापूसची पेटी उघडली आहे आणि सगळा फलाट घमघमतो आहे. भावाने त्या महिन्यात अचानक पेटी पाठवली होती. जुलै म्हणजे विमानतळ मार्ग. पावसाने गाड्या बंद पडल्या, तेव्हा एका अनोळखी घरात तिला चहा आणि कोरडा टॉवेल मिळाला होता. तो दिवस तिने आजवर ‘वैतागाचा’ म्हणून लक्षात ठेवला होता. ऑक्टोबरला असल्फा. मेट्रोतून दिसणाऱ्या टेकडीवरच्या रंगीत घरांवर तिने मुलाने स्वतः बनवलेला, जरा तिरका झालेला आकाशकंदील टांगला आहे.

चित्र जितके ठसठशीत, थोडे विचित्र आणि वासा-आवाजासह असेल, तितके ते पक्के बसते. एका स्थानकावर काहीच ठेवायला सापडले नाही, तरी हरकत नाही. ते रिकामे सोडून पुढे जावे. परतीच्या प्रवासात बहुधा तिथेही काही तरी चढते. घरातल्या माणसांना विचारले तर आणखी लवकर चढते, कारण एकाचे विसरलेले दुसऱ्याला आठवत असते.

चाखा, चिरफाड नको

क्षण सापडल्यावर त्याचे काय करायचे, यालाही महत्त्व आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात काही जणांनी आयुष्यातल्या आनंदाच्या प्रसंगाची कारणमीमांसा केली. तो का घडला, त्याचा अर्थ काय, त्यातून काय सिद्ध होते, वगैरे. काहींनी तो प्रसंग नुसता चित्रफितीसारखा मनात पुन्हा पाहिला. पुन्हा पाहणाऱ्यांना जास्त फायदा झाला. दुःखाच्या प्रसंगाबाबत मात्र लिहून, बोलून उलगडा करणे उपयोगी ठरते. थोडक्यात, दुःख समजून घ्यावे आणि आनंद चाखावा. पुरणपोळी खाताना तिच्यातले घटक मोजत बसू नये, तसेच हे.

अशा आठवणींचा परिणाम शरीरावरही दिसतो. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातील मेगन स्पीअर आणि मॉरिसिओ डेलगाडो यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवकांना बर्फासारख्या पाण्यात हात घालायला लावून ताण दिला. त्यानंतर काहींना आयुष्यातल्या सुखद आठवणी आठवायला सांगितल्या, तर काहींना साध्या, ना सुखाच्या ना दुःखाच्या. सुखद आठवणी जागवणाऱ्यांमध्ये कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची वाढ कमी झाली आणि त्यांना बरेही वाटले. त्याच संशोधकांनी याआधी दाखवले होते, की सुखद आठवण येताना मेंदूतला जो भाग सक्रिय होतो, तो बक्षीस मिळाल्यावर सक्रिय होणाऱ्या भागापैकीच आहे.

अर्थात हा काही रामबाण उपाय नव्हे. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा मार्टिन सेलिग्मन यांचा २००५ मधला प्रयोग जगभर गाजला. पण नंतर अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवर कृतज्ञतेच्या नोंदींचा परिणाम लहानच असल्याचे दिसले. शिवाय अतिरेकाने गोडी जाते. ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजणाऱ्यांचे समाधान वाढले, तीनदा मोजणाऱ्यांचे वाढले नाही.

आणि फोटो? मोबाइल हल्ली डिसेंबरात आपण होऊन वर्षभराच्या फोटोंची चित्रफीत करून देतो. आठवणीची किल्ली म्हणून फोटो चांगलाच. पण लिंडा हेंकेल यांच्या २०१४ च्या अभ्यासात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे विद्यार्थ्यांनी सरसकट फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. कॅमेऱ्याने एखाद्या भागावर जवळून लक्ष दिले, तेव्हा मात्र हे नुकसान झाले नाही. शिवाय फोटोत वाढदिवस आणि सहली येतात. रात्री गॅलरीत उभे राहून वडिलांशी झालेल्या दहा मिनिटांच्या गप्पा येत नाहीत.

काहीच सापडत नसेल तर

काही घरांत हे वर्ष खरोखरच जड गेलेले असते. जवळचे माणूस गेले असेल, नोकरी गेली असेल, मोठे आजारपण निघाले असेल. तिथे ‘चांगलं काय झालं ते आठवा’ हा आग्रह जखमेवर मीठ चोळण्यासारखा होतो. शोकात असलेल्या माणसाला आनंदाची आठवणही रडवते, कारण तिच्यात गेलेले माणूस असते. त्याच्याबरोबर बसावे, गेलेल्या माणसाबद्दल त्याला बोलायचे असेल ते ऐकावे. यादी करायला सांगू नये.

दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी १९८६ साली आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णांना ‘आनंदी’सारखे शब्द देऊन त्यावरून एखादा नेमका प्रसंग सांगायला सांगितले. त्यांची उत्तरे मोघम येत होती. ‘फिरायला गेलो की बरं वाटतं’ असे ते सांगत, पण ‘त्या रविवारी, त्या ठिकाणी’ असे सांगता येत नव्हते. पुढे अनेक अभ्यासांत नैराश्याच्या रुग्णांमध्ये हे लक्षण दिसले. नेमक्या आठवणी काढण्याचा सराव हा आता उपचारातला एक पूरक भाग म्हणूनही अभ्यासला जात आहे. मात्र तो घरच्या घरी रेटून करून घ्यायचा नसतो. २००७ मधील एका अभ्यासात सुखद आठवणी काढल्यावर निरोगी लोकांची मनःस्थिती सुधारली, पण नैराश्य असलेल्यांची सुधारली नाही, उलट खालावली. ‘तेव्हा असं होतं आणि आता बघ’ ही तुलना त्यांना अधिक टोचते.

म्हणून वर्षभरातला एकही नेमका चांगला क्षण आठवत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर त्याला ‘स्वभाव’ किंवा ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. ‘निम्हान्स’ने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात दर २० माणसांमागे एकाला नैराश्याचा त्रास आहे आणि त्यातले बहुतेक जण उपचारांपर्यंत पोहोचत नाहीत. जुहूच्या कूपरसारख्या महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकावरची मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. जगण्यात अर्थ नाही असे विचार मनात येत असतील, तर वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी.

घरातल्या ज्येष्ठांचाही वेगळा विचार हवा. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, याला पूर्वी बुद्धी मंदावल्याचे लक्षण समजत. १९६३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी मांडले, की उतारवयात आयुष्याकडे असे वळून पाहणे स्वाभाविक आणि गरजेचे असते. पण सत्तरीतल्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी सगळेच विचारतात. ‘या वर्षी तुम्हाला काय आवडलं?’ हे फारसे कुणी विचारत नाही. या प्रश्नात त्यांचे आताचे आयुष्यही मोजण्याजोगे आहे, असा आदर असतो.

नव्या वर्षासाठी

– आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, दिनदर्शिकेच्या चौकटीत एक ओळ लिहावी. ‘छान गेला’ असे मोघम नको. ‘भांडुपच्या बाजारात शाळेतली मैत्रीण भेटली, उभ्या उभ्या वडापाव खाल्ला’ असे नेमके हवे.

– काय, कोण, कुठे, या तिन्हींची उत्तरे त्या ओळीत यावीत. तारीख चौकटीत छापलेली असतेच.

– खास प्रसंगांपेक्षा साधे दिवस लिहावेत.

– महिन्यातून एखादा दिवस चाकोरी मोडावी. एक स्थानक आधी उतरून चालत जाणेही पुरते. वेगळा दिवस वेगळा आठवतो.

– वर्षाचा आढावा थकलेल्या रात्री घेऊ नये. सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर, शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने घ्यावा.

येत्या दोन-चार दिवसांत घरोघरी जुनी दिनदर्शिका खिळ्यावरून उतरेल आणि नवी चढेल. जुनी रद्दीत घालण्याआधी तिची पाने एकदा चाळून पाहावीत. दुधाच्या खाड्यांमध्ये कुठे तरी लिहिलेले असते, की त्या दिवशी सगळे गावाला गेले होते.